अर्ध्या सुताचा कट

उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर उभा आहे.
लोखंड कसं कमी करायचं, मला कळतं.
एकदम खोल घुसलं की टूल तुटतं,
जॉब वाया जातो, मालक केबिनमधनं वर बघतो.
अर्धं सूत घ्यायचं. मागं यायचं. मोजायचं.
पुन्हा अर्धं सूत.

घर कसं कमी करायचं
ते मात्र लतिकानं शिकवलं.

पतसंस्थेच्या फुकट डायरीत,
जिचं साल उलटून गेलं होतं,
तिनं तीन नावं लिहिली.
पतसंस्था, एक लाख बेचाळीस हजार.
मोबाईल, अठराशेचे सात हप्ते.
दस्तगीर, साठ हजार.
दस्तगीरपुढं व्याजाचा रकाना मोकळा.
"इथं काय लिहू?" म्हणाली.
मी पंख्याकडं बघितलं.

कर्ज कशाचं म्हणाल तर
स्वयंपाकघरातल्या फरशीचं,
मेहुण्याच्या बोटात घातलेल्या अंगठीचं,
आणि तालमीच्या वर्गणीचं,
जिचा आकडा भर बैठकीत मीच वाढवून सांगितला होता.
दस्तगीरचे तेवढे आईच्या ऑपरेशनचे.
ते तेवढे खरे.

पहिल्या महिन्यात सुटलं ते सोपं होतं :
मावा, केबल,
गंगावेशीतलं रात्रीचं दूध,
शनिवारची मिसळ.
(कट जादा मागितला तर फुकट मिळतो,
पण कट नुसता पिता येत नाही, पाव लागतोच.)
मग गाडी पोत्याखाली गेली, सायकल बाहेर आली.
दाभोळकर कॉर्नरच्या चढाला
माझा श्वास मला ऐकू यायचा.

रविवारला येऊन टूल अडकलं.
आमच्या गल्लीत रविवारी घरातनं वास आला नाही
तर माणसं विचारतात, "कोण आजारी हाय काय?"
लतिका म्हणाली, "थांब, मी करतो कायतरी."
आमच्याकडं बायका करतो म्हणतात
आणि करतात.
कांदा भाजला, खोबरं भाजलं,
चटणीचा डबा खरवडला,
तांबड्या रश्शात चार अंडी सोडली
आणि दार सताड उघडं ठेवलं.
वरच्या मजल्यावरची सून जिना उतरताना म्हणाली,
"आज जोरात दिसतंय!"
लतिका नुसती हसली.
पांढरा नव्हता. त्याबद्दल कोणी बोललं नाही,
मीही नाही.

मोबाईल फिटला सप्टेंबरात.
ते अठराशे घरी आलेच नाहीत,
बाहेरच्या बाहेर पतसंस्थेकडं वळले.
दस्तगीरचा आकडा होता तिथंच.
तो मागत नव्हता.
रंकाळ्यावर भेटला की चहाचे पैसेही तोच द्यायचा,
आणि मी खिशात हात घालून
हात तिथंच ठेवायचो.

एका रात्री डायरी उघडली तर
लतिकाच्या अक्षराखाली पेन्सिलीनं :
खोडरबर १. उसना. ऋतुजाकडून.
आणि शेजारी, व्याजाच्या रकान्यात,
शेंगदाण्याची अर्धी चिक्की.

ईश्वरी झोपली होती. चौथीत आहे.
मी दिवा घालवला, पुन्हा लावला,
तिची ओळ पुन्हा वाचली.
सकाळी पाच रुपयाचा खोडरबर आणला.
चिक्की ती स्वतःच मोडणार म्हणाली.

त्या रविवारी रश्शाचा डबा हँडलला अडकवून
जवाहरनगरात गेलो. खिशात दोन हजार.
दस्तगीर म्हणाला, "व्याज बिज आपण घेत नाही हं भावा."
"मग रस्सा घे."
त्यानं झाकण उघडलं, चमच्यानं तळ ढवळला.
"आणि मटण कुठाय रं ह्यात?"
"मुद्दल फिटल्यावर," मी म्हणालो.

तो मोठ्यानं हसला. मग नोटा घेतल्या,
बोट जिभेला लावलं,
आणि माझ्यासमोर, एकेक करून, मोजल्या.

बरं वाटलं.
इतके दिवस मला भ्या होतं
की हा मोजणारच नाही.